बर्फाखालची अणुभट्टी: लष्करी तळांना अणुवीज, जुना प्रयोग आणि नवा

हिमनग
ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराने 'जेनस' नावाचा कार्यक्रम जाहीर केला. लष्करी तळांवर छोट्या अणुभट्ट्या बसवायच्या, त्या खाजगी कंपन्यांनी बांधायच्या आणि चालवायच्या, लष्कराने वीज विकत घ्यायची. पुढच्याच महिन्यात नऊ ठिकाणांची यादी आली. तीत फोर्ट ब्रॅग आहे, फोर्ट हूड आहे, अलास्कातलं फोर्ट वेनराइट आहे. त्याआधी मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघालाच होता: ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत देशातल्या निदान एका तळावर लष्कराची भट्टी चालू झाली पाहिजे.

यावर जे काही वाचायला मिळतंय त्यात बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघंही हे जगात पहिल्यांदाच होतंय असं धरून चालतात. अमेरिकी लष्कराने १९५४ ते १९७७ या काळात नेमका हाच उद्योग केला होता. एकूण आठ भट्ट्या बांधल्या. पहिली व्हर्जिनियात फोर्ट बेलव्हॉरला, वॉशिंग्टनपासून तीसेक किलोमीटरवर, एप्रिल १९५७ मध्ये सुरू झाली. ती मुख्यतः माणसं शिकवायला. मग अलास्कात फोर्ट ग्रीली, वायोमिंगमध्ये सनडान्सचं रडार ठाणं, अंटार्क्टिकात मॅकमर्डो, पनामा कालव्यात एका जहाजावर, आणि ग्रीनलंडमध्ये चक्क बर्फाच्या पोटात.

ही ग्रीनलंडची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेच्या थूल हवाई तळापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आत, बर्फाच्या पठारावर, १९५९-६० मध्ये कॅम्प सेंच्युरी बांधला. स्विस बनावटीच्या बर्फ कापणाऱ्या यंत्रांनी लांब चर खणले, वर लोखंडी पत्र्याच्या कमानी टाकल्या, त्यावर पुन्हा बर्फ लोटला. खाली झोपायच्या खोल्या, मुदपाकखाना, दवाखाना, प्रार्थनेची जागा, प्रयोगशाळा. आणि वीज द्यायला पीएम-२ए ही दीड-दोन मेगावॅटची भट्टी, सुटे भाग बर्फावरून ओढत नेऊन तिथे जोडलेली. ऑक्टोबर १९६० मध्ये ती पेटली. सुरुवातीला न्यूट्रॉनचा मारा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला म्हणून बंद ठेवून जादा आवरण घालावं लागलं. मग ती चालली, आणि बऱ्यापैकी चालली.

अडचण केली ती बर्फाने. हिमनदी सरकते हे ठाऊक होतं, इतक्या वेगाने सरकेल हे नव्हतं. बोगद्यांच्या भिंती आत येत होत्या, छत खाली येत होतं, आणि सैनिकांचा बराचसा वेळ ते खरवडण्यात जात होता. जुलै १९६३ मध्ये भट्टी बंद केली, १९६४ मध्ये उचलून परत नेली. तळ १९६७ मध्ये सोडून दिला. जगाला सांगितलं होतं की हे विज्ञानासाठी आहे. 'आइसवर्म' नावाची खरी योजना १९९७ मध्ये डेन्मार्कमधल्या चौकशीत बाहेर आली: बर्फाखालच्या बोगद्यांत ६०० क्षेपणास्त्रं फिरती ठेवायची. डेन्मार्क सरकारला तिचा पत्ताच नव्हता म्हणे. (विज्ञान मात्र खरंच झालं. तिथे १९६६ मध्ये तळापर्यंत काढलेल्या बर्फाच्या नमुन्यांवर अजून काम चालू आहे.)

भट्टी नेली, पण तळाबरोबर सुमारे दोन लाख लिटर डिझेल, रंगांमधली पीसीबी ही विषारी रसायनं आणि भट्टीचं थोडं किरणोत्सारी सांडपाणी तिथेच राहिलं. कायमचं गोठून राहील या भरवशावर. २०१६ मध्ये एका अभ्यासात या शतकाच्या शेवटाकडे तिथलं वितळणं बर्फ साठण्यापेक्षा जास्त होऊ शकेल असं निघालं.

माझं म्हणणं एवढंच की जुन्या कार्यक्रमात वीज मिळत नव्हती असं नाही. वीज मिळाली. घोळ झाला तो भट्टी परत नेताना आणि जागा साफ करताना, आणि आज कंपन्या दाखवताहेत त्या चकचकीत चित्रांत हा भाग जवळजवळ नाहीच. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज
वाचनखूण साठवली. रात्री निवांत वाचतो. तोवर पहिला.

मनीमाऊ
छान लिहिलंय, पण मूळ प्रश्नच कळला नाही. अमेरिकेतल्या तळांना गावाच्या ग्रिडवरून वीज मिळत नाही का? फोर्ट ब्रॅग काही जंगलात नाही.

हिमनग
@मनीमाऊ, मिळते, आणि हीच त्यांची चिंता आहे. ग्रिड सायबर हल्ल्याने किंवा वादळाने पडलं तर तळही पडतो. म्हणजे देशातल्या तळांसाठी कारण वेगळं आहे आणि परदेशातल्या आघाडीवरच्या तळांसाठी वेगळं. दुसरं कारण जुनं: डिझेल. इराक-अफगाणिस्तानात तंबूंच्या वातानुकूलनासाठी लागणारं डिझेल टँकरने जायचं आणि टँकरवर हल्ले व्हायचे. लष्कराच्याच पर्यावरण धोरण संस्थेने २००९ मध्ये हिशोब मांडला होता की २००७ साली अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ कॉन्व्हॉयमागे (वाहनांच्या ताफ्यांमागे) एक माणूस मेला किंवा जखमी झाला. अमेरिकी संरक्षण खात्याचा 'पेले' हा प्रकल्प त्याच विचारातून आला. दीड मेगावॅटची भट्टी, वीस फुटी कंटेनरांत मावणारी, तीन दिवसांत जोडून चालू करायची, हलवायची झाल्यास सात दिवसांत आवरून निघायचं. कंत्राट बीडब्ल्यूएक्सटी कंपनीकडे आहे, उभारणी आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत.

गणिती आजोबा
दीड मेगावॅट म्हणजे किती डिझेल ते पाहू. वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तर १.३१ कोटी युनिट. चांगला जनसेट लिटरला साडेतीन युनिट देतो असं धरा. म्हणजे साडेसदतीस लाख लिटर. बारा हजार लिटरचा टँकर घेतला तर तीनशेहून थोडे जास्त टँकर. दिवसाला एक सुद्धा नाही. तळावरचा भार रात्री-दिवसा, उन्हाळी-हिवाळी बदलतो, म्हणजे प्रत्यक्षात याहून कमी.

आता दुसरी बाजू. लष्कर जाळतं त्या इंधनाचा मोठा वाटा विमानं आणि वाहनं पितात. अणुभट्टीने रणगाडा चालत नाही. कॉन्व्हॉय बंद होणार नाहीत, आखूड होतील.

निवृत्त सॅपर
आजोबांशी सहमत, आणि आपल्याकडचं थोडं जोडतो. लेहला होतो तेव्हा वीज म्हणजे जनसेट आणि ऊब म्हणजे केरोसीनची बुखारी. झोजीला बंद व्हायच्या आत सहा महिन्यांचं सगळं वर चढवायचं, 'ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग' म्हणतात त्याला. पीठ, डाळ, दारूगोळा, आणि बॅरलच्या बॅरल तेल. त्यामुळे 'डिझेल वाचवणारी भट्टी' ऐकलं की माझ्यासारख्याचे कान टवकारणारच.

पण वरची रचना बघा. बेस कॅम्पला एकवटलेली मागणी असते, तिथे मेगावॅटची भाषा चालेल. पुढच्या चौक्या दहा-वीस माणसांच्या, एकमेकींपासून दूर, काही ठिकाणी जेरीकॅन पाठीवर किंवा हेलिकॉप्टरने. त्यांना दीड मेगावॅट काय करायचेत? कड्यावरून तार ओढणार का? खरा त्रास शेवटच्या त्या टप्प्याचा आहे आणि भट्टी नेमकी तिथे उपयोगाची नाही. २०१९ मध्ये श्रीनगर-लेह २२० केव्ही लाइन झाली तेव्हा लेह-कारगिलचा प्रश्न बराच हलका झाला. चीनच्या सीमेजवळ चुशूलला एनटीपीसीने लष्करासाठी सौर-हायड्रोजनचा २०० किलोवॅटचा मायक्रोग्रिड (छोटं स्थानिक वीजजाळं) हाती घेतला. तिथल्या गरजेच्या मापाचं काम आहे ते.

आणखी एक. हवेने थंड होणारी यंत्रं उंचीवर दमतात. लेहला हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश दाट, जनसेटसुद्धा पाटीवर लिहिलेली क्षमता देत नाही. भट्टीची उष्णताही हवेतच सोडायची असेल तर तिलाही हा फटका आहे.

पॉपकॉर्नवाला
काका, तुम्ही वेगळा धागा काढा लेहवर. इथे वाया जातंय.

स्नेक_रिव्हर
मी आयडाहो फॉल्सला राहते. इथून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर वाळवंटात ती प्रयोगशाळा आहे, जिथे पेले उभी राहतेय. त्याच आवारात लष्कराची एसएल-१ ही भट्टी होती. धाग्यात तिचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं.

एसएल-१ आर्क्टिकमधल्या रडार ठाण्यांसाठी होती: २०० किलोवॅट वीज आणि ४०० किलोवॅट ऊब. दोन-तीन जवानांनी चालवावी, भाग विमानाने नेता यावेत, अशी रचना. नाताळच्या सुट्टीत बंद होती. ३ जानेवारी १९६१ च्या रात्री तीन जण ती पुन्हा चालू करायच्या तयारीत होते. मधली नियंत्रक कांडी (भट्टीतली अणुक्रिया आवरून धरणारी) यंत्रणेला जोडण्यासाठी हाताने सुमारे दहा सेंटिमीटर उचलायची होती. ती पन्नासेक सेंटिमीटर वर आली. तीन मेगावॅट उष्णतेसाठी बांधलेल्या भट्टीत काही मिलिसेकंदांत वीस हजार मेगावॅटच्या घरात शक्ती उसळली, पाण्याची वाफ झाली आणि अख्खं पात्र नऊ फूट वर उडालं. तिघंही गेले.

कांडी का उचलली गेली यावर इथे अजून वाट्टेल त्या कथा सांगतात, प्रेमप्रकरणापर्यंत. त्या सोडून द्या. त्या भट्टीत कांड्या अडकायच्या हे आधीपासून माहीत होतं, आणि एकच कांडी पूर्ण उचलली तर भट्टी बेफाम होईल अशी रचनाच मुळात होती. त्यानंतर नियम पक्का झाला: सगळ्यात प्रभावी कांडी बाहेर अडकली तरी भट्टी बंद करता आलीच पाहिजे. आज जगात चालणाऱ्या भट्ट्या हा नियम पाळतात.

हिमनग, तुम्ही म्हणता घोळ फक्त परत नेताना झाला. तिघांचा जीव चालवताना गेला, आणि कारण हेच की थोड्या माणसांत, कमी खर्चात, लांब कुठेतरी चालवायची म्हणून ती इतकी साधी केली होती.

हिमनग
@स्नेक_रिव्हर, एसएल-१ मी मुद्दाम प्रतिसादांसाठी ठेवली होती, पण तुमच्याइतकी नेमकी मांडता आली नसती. तरीही एक फरक धरतो. ती प्रयोगशाळेच्या आवारातली भट्टी होती, तळावर बसवलेली नव्हती. आणि पेलेचं इंधन अगदी वेगळं आहे. जुन्या भट्ट्यांत नव्वद टक्क्यांवर समृद्ध केलेलं युरेनियम धातूच्या पट्ट्यांत असायचं. यात वीस टक्क्यांच्या आतलं, खसखशीएवढ्या दाण्यांत, प्रत्येक दाण्यावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. हे दाणे १६०० अंशांपर्यंत आतला मालमसाला धरून ठेवतात. त्यामुळे इंधन वितळून अनर्थ होण्याची जुनी भीती खूप कमी होते.

स्नेक_रिव्हर
वितळण्याची कमी होते, मान्य. पण क्षेपणास्त्र १६०० अंशांची परीक्षा घेत नाही, ते फोडतं. दाणे शाबूत राहून मैदानभर पसरले तरी ते वेचायला कोण जाणार? युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या अमेरिकी संस्थेचे एडविन लायमन या प्रकल्पांवर बरीच वर्षं टीका करताहेत.

आणि 'सात दिवसांत आवरून निघायचं' हे वाचायला सोपं आहे. भट्टी बंद केली म्हणजे थंड होत नाही. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता आतल्या किरणोत्सारी द्रव्यांमधून येतच असते, मग हळूहळू उतरते. आणि वापरलेला गाभा (भट्टीचा इंधन असलेला भाग) शिशा-काँक्रीटआड ठेवल्याशिवाय त्याच्याजवळ उभं राहता येत नाही. येताना कंटेनर नवा कोरा असतो. परत जाताना तोच कंटेनर रस्त्यावरची सगळ्यात नाजूक वस्तू असतो, आणि तळ सोडायची वेळ आली म्हणजे बहुतेक शत्रू जवळ आलेला असतो.

चहाबाज
वाचलं सगळं. ताईंचं शेवटचं वाक्य भारी. ट्रकवरच्या भट्टीचा प्रयोगही तेव्हा झाला होता ना? का ते रशियाचं?

हिमनग
दोघांचं. अमेरिकेची एमएल-१, ट्रेलरवरून न्यायची, वायूने थंड होणारी. ठरलेली शक्ती तिने कधीच धड दिली नाही, गळत्या आणि दुरुस्त्या चालूच राहिल्या, १९६५ मध्ये गुंडाळली. सोव्हिएत संघाने ओब्निन्स्कला १९६१ मध्ये टीईएस-३ केली: जड रणगाड्यांच्या चार सांगाड्यांवर मांडलेली दीड मेगावॅटची भट्टी. म्हणजे पेलेइतकीच शक्ती, साठ वर्षं आधी! पुढे बेलारूसमध्ये 'पामीर' नावाची ट्रकवरची केली, ती चेर्नोबिलनंतर बंद पडली.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, कारण त्यावर कुणी बोललंच नाही. अंटार्क्टिकातली पीएम-३ए १९६२ ते १९७२ चालली. वीज दिली, समुद्राचं पाणी गोडं केलं. मग नळ्यांना तडे गेल्याची शंका आली आणि ती बंद केली. अंटार्क्टिका करार १९५९ चा, त्यात किरणोत्सारी कचरा तिथे टाकायला बंदी. म्हणून भट्टी तर नेलीच, शिवाय खालची हजारो टन माती आणि दगड खणून जहाजाने कॅलिफोर्नियाला न्यावे लागले. जागा मोकळी व्हायला १९७९ उजाडलं. पनामातलं स्टर्जिस जहाज: दहा मेगावॅट, गातून सरोवरात १९६८ ते १९७६. कालव्याच्या दरवाजांना पाणी हवं आणि जलविद्युतलाही तेच पाणी हवं, म्हणून ते आणलं होतं. कल्पना खरंच चांगली. काम संपल्यावर इंधन काढून ते व्हर्जिनियात नदीत नांगरून ठेवलं. भट्टी तोडायला सुरुवात झाली २०१५ मध्ये, टेक्सासात गॅल्व्हेस्टनला. जहाज भंगारात गेलं २०१९ ला. आठ वर्षं वीज, त्रेचाळीस वर्षं आवराआवर. फोर्ट बेलव्हॉरची भट्टी १९७३ मध्ये बंद झाली, तिचं तोडकाम २०२१ मध्ये सुरू झालं.

निवृत्त सॅपर
हे पटलं. लष्करात असंच असतं. नवी वस्तू आणायला निधी मिळतो, जुनी उचलायला मिळत नाही. जो अधिकारी आणतो त्याची तोवर तीनदा बदली झालेली असते.

मनीमाऊ
आपल्याकडे हिमालयात अमेरिकेने असंच काहीतरी अणूचं ठेवलं होतं आणि ते हरवलं ना? नंदादेवीवर?

गणिती आजोबा
ती भट्टी नव्हती. प्लुटोनियमच्या नैसर्गिक ऊबेवर चालणारा छोटा वीजसंच होता, चीनच्या अणुचाचण्यांवर कान ठेवणाऱ्या उपकरणासाठी. सीआयए आणि आपलं गुप्तचर खातं मिळून १९६५ मध्ये वर नेत होते. हवामान बिघडलं म्हणून वाटेत बांधून ठेवला, १९६६ मध्ये परत गेले तर जागेवर नव्हता. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत हे मान्य केलं. तो अजून सापडलेला नाही. तत्त्व वेगळं असलं तरी हिमनगांच्या यादीत शोभेल अशी वस्तू आहे.

बोईसरकर
तारापूरच्या शेजारचा म्हणून बोलतो. इथे १९६९ पासून अणुवीज आहे, आम्हाला तिचं अप्रूपही नाही आणि भीतीही नाही. पण आपल्याकडच्या अणुवीज केंद्राभोवती साधारण एक ते दीड किलोमीटरचा वस्ती नसलेला पट्टा ठेवायची पद्धत आहे. लष्करी तळावर त्या पट्ट्यात तर जवानच झोपणार. मग तो पट्टा कुणासाठी?

आणि देखरेख कोणाची? आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, पण बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) सुविधा २००० सालापासून त्याच्या कक्षेबाहेर आहेत. लष्करी भट्टी आली तर ती कुठल्या खात्यात बसेल ते आधी विचारायला हवं.

पॉपकॉर्नवाला
पण भारतात असं कुणी करतंय का? की आपण नुसतेच भांडतोय?

हिमनग
लष्करी तळासाठी असा कार्यक्रम जाहीर झालेला मी तरी पाहिला नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २० हजार कोटी ठेवले, २०३३ पर्यंत निदान पाच देशी भट्ट्या चालू करायचं लक्ष्य आहे. बीएआरसी २०० मेगावॅट आणि ५५ मेगावॅट अशा दोन रचनांवर काम करतंय, शिवाय हायड्रोजनसाठी पाच मेगावॅटची उच्च तापमानाची वायूशीतित भट्टी आहे. यातली ५५ वाली दुर्गम भागांसाठी म्हणून सांगितली जाते. आणि बंदिस्त जागेत छोटी भट्टी चालवायचा अनुभव अरिहंत पाणबुडीमुळे आहेच. उद्या कुणाला ती लडाखला न्यायची कल्पना सुचणारच नाही असं नाही.

निवृत्त सॅपर
सुचलीच तर माझं मत आत्ताच नोंदवून ठेवतो. अंदमान-निकोबारसारख्या ठिकाणी, जिथे तळ कायमचा आहे आणि वस्तीलाही तीच वीज देता येईल, तिथे अभ्यास करा. आजही तिथे मुख्यतः डिझेलच जळतं. पण भूकंपाचं काय ते आधी बघा, २००४ विसरू नका. लडाखला नको. हिमालयही भूकंपाचाच, रस्ता एक-दोन, आणि तोफेच्या टप्प्याचा प्रश्न.

बोईसरकर
काका, अजून एक पेच. भारत-पाकिस्तानमध्ये एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार आहे, ३१ डिसेंबर १९८८ चा. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात, अक्षांश-रेखांशासकट. संबंध कितीही बिघडलेले असोत, यादी जाते. आता भट्टी लष्करी तळाच्या आत असेल तर ती यादीत घालायची का? घातली तर तळाचा पत्ता आपणच दिला. नाही घातली तर तिला कराराचं संरक्षण नाही. आणि घातली तर पाकिस्तान म्हणेल, तुम्ही तळाला ढाल म्हणून भट्टी ठेवलीत.

चहाबाज
बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

हिमनग
@बोईसरकर, हा मुद्दा अमेरिकेतल्या चर्चेत येतच नाही, कारण त्यांचे नऊही तळ स्वतःच्या देशात आहेत आणि शेजारी कॅनडा-मेक्सिको. युक्रेनमध्ये झापोरिझ्झियाचं केंद्र मार्च २०२२ पासून रशियाच्या ताब्यात आहे, आणि जिनिव्हा करारांचा पहिला जोड-करार (प्रोटोकॉल) अणुवीज केंद्रांवरच्या हल्ल्याविषयी बोलतो तो नागरी लोकसंख्येची हानी डोळ्यांपुढे ठेवून. फक्त लष्कराला वीज देणाऱ्या भट्टीला तो कितपत वाचवेल यावर वकील हवा तेवढा वेळ भांडतील.

निवृत्त सॅपर
बोईसरकर, तुमचा यादीचा करार आहे तो फक्त पाकिस्तानशी. चीनशी आपला असा काही करार नाही. चुशूलच्या समोर कोण बसलंय ते नकाशात बघा.